राखीव तळ्यावरचे आपले रविवार

वाघमारे, तुमच्या जलदान विधीचं पत्रक वॉचमनने हातात दिलं आणि ते वाचता वाचता माझ्या जिभेवर एक कोटी आली. खोटं कशाला बोलू? टँकर, सोसायटीची टाकी, दिवसाआड येणारं पाणी, असलं काहीतरी. वरच्या मजल्यावरचा माणूस गेलाय, त्याच्या नावाचा कागद हातात आहे, आणि माझं डोकं शब्दांची फिरकी घेतंय! मी जीभ चावली. खरोखरची चावली, दुपारी जेवताना आमटी झोंबली. तुम्हाला हे सांगायला हरकत नाही, माझा हा रोग तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरचं औषधही तुम्हीच दिलं होतंत. "लेलेसाहेब, पाखरं कोट्या ऐकत नाहीत. गप बसा."

विधीला मी पांढरा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसलो. सगळे एका सुरात पाली वंदना म्हणत होते आणि मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्याने हात जोडले की मी जोडायचो, त्याने सोडले की सोडायचो. दहा वर्षं तुमच्याबरोबर रविवारची सकाळ घालवली, आणि तुमच्या घरात माणूस गेल्यावर काय म्हणतात हे मला माहीत नाही. मग कुणीतरी म्हणालं, लेलेसाहेब छान बोलतात, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो. "वाघमारे..." एवढंच म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. आलं होतंच की. पण खाली बसलो ते नुसत्या दुःखाने नाही. तुमची एक माफी मागायची राहिली होती. आठ वर्षं राहिली होती. ती मागितल्याशिवाय तुमच्याबद्दल दुसरा कुठलाही शब्द तोंडातून काढायचा मला हक्क नव्हता.

तुम्ही तरी असे कसे गेलात हो? सोमवारी सकाळी ड्यूटीवर निघताना बूट घालायला खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. आदल्याच दिवशी आपण तळ्यावर होतो. परतताना तुम्ही म्हणालात, पुढच्या रविवारी जरा लवकर निघू. मी म्हटलं, बघू. बघू कसलं! हो म्हणायला माझं काय जात होतं?

आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला आलो तेव्हा मला इथलं काहीच आवडत नव्हतं. धूळ, अर्धवट बिल्डिंगा, पाण्याची बोंब. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, बगलेत पक्ष्यांचं पुस्तक अशा थाटात मी पहिल्या रविवारी जिना उतरलो. तुम्ही खाली सायकल पुसत होतात. "कुणावर पाळत ठेवताय?" तुम्ही विचारलंत. "पक्ष्यांवर," मी म्हटलं. तुम्ही फडकं सायकलच्या हँडलला अडकवलंत. "पाखरं होय! मग इकडं कुठं निघालात? चला, दाखवतो." ओळख नाही, पाळख नाही, आणि मी तुमच्या मागे चालायला लागलो.

गोडदेवच्या गल्ल्यांतून, अंगणात वाळत घातलेली सुकट आणि मधे मधे येणाऱ्या कोंबड्या चुकवत आपण गावाबाहेर पडलो. पुढे नुसते खांब उभे केलेल्या इमारती, मग खारा वारा, लांबवर मिठागरातले पांढरे ढीग, आणि त्यांच्या अलीकडे बांध घातलेलं ते गोड्या पाण्याचं तळं. काठाला पाणकणीस माजलेलं. बांधावर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. मी दुर्बीण काढल्यावर त्याला वाटलं, बंदूकच काढली. "काय मारायचं न्हाय हां इथं," तो म्हणाला. "आमच्या आज्याच्या वक्तापासून या तल्यान कोन जाल पन टाकत न्हाय. देवीचं हाय." तुम्ही त्याला हात जोडलेत आणि म्हणालात, "बाबा, आम्ही नुसते बघणारे."

वाघमारे नाव, आणि मुंगीला वाट करून देणारा माणूस! यावर मी त्याच दिवशी कोटी केली आणि तुम्ही खळखळून हसलात. इथेच चुकलं माझं. मला वाटलं, या माणसाला काहीही म्हटलेलं चालतं.

मी पुस्तकात बघायचो, तुम्ही पाण्यात बघायचात. टिबुकली बुडली की तुम्ही एका जागी बोट दाखवून ठेवायचात, आता इथून निघेल, आणि ती बरोबर तिथूनच डोकं वर काढायची. मी दर खेपेला दुसरीकडे बघत असायचो. काठावर मातीच्या रंगाची ढोकरी बसलेली मला कधी दिसायचीच नाही. ती उडाली, पांढरेशुभ्र पंख उघडले, की मी "अरे बगळा!" म्हणून ओरडायचो आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. हे डोळे तुम्हाला कुठून आले, ते तुम्ही दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी सांगितलंत. उदगीरजवळच्या तुमच्या गावात तुमचे वडील पाटलाच्या शेताचे राखणदार. सात-आठ वर्षांचे असल्यापासून तुम्ही त्यांच्याबरोबर ज्वारीत माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकलायचात. पाखरू कुठून उठेल आणि कुठे बसेल, हे आधी कळलं नाही तर शेत गेलंच. "लहानपणभर त्यांना बसू दिलं नाही, लेलेसाहेब," तुम्ही म्हणालात. "म्हणून आता इथं येतो. बसा म्हणावं निवांत."

मी त्यावर काय म्हटलं ते आठवत नाही. काहीतरी शहाणपणाचं म्हटलं असणार.

त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. तुम्ही काठावर उकिडवे बसलात, ओंजळ भरून घेतलीत आणि चक्क प्यायलात. मी ओरडलो, "अहो थुंका, थुंका! गॅस्ट्रो होईल!" तुम्ही बाहीला तोंड पुसलंत. "आमच्या घरात तळं म्हणलं की महाडचंच," तुम्ही म्हणालात. "वडील काही गेले नव्हते तिथं. पण सांगायचे असं, की जसं ह्यांच्याच ओंजळीतनं पाणी सांडलं. मी कुठलंही तळं बघितलं की एक घोट घेतो. सवय लागलीय." आणि मी? गोडदेव येईपर्यंत मी तुम्हाला पाण्यातल्या जंतूंबद्दल सांगत होतो. उकळून प्यावं, तुरटी फिरवावी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. तुम्ही मला काय सांगितलंत ते माझ्या टाळक्यात शिरायला काही वर्षं गेली. शिरलं तेव्हा बसमध्ये होतो, आणि भर बसमध्ये कानशिलं तापली.

मग तो एअरगनवाला आला. चांगला शिकलेला दिसत होता, पायात किमती बूट, आणि कमरेला दोन बदकं लटकवलेली. हळदी-कुंकू बदकं. माझं तर रक्त उसळलं. एरवी जिभेला विश्रांती नाही, आणि ऐन वेळी मुखस्तंभ! तुम्ही पुढे झालात. "भाईसाब, इधर मारना मना है."

"किसने मना किया? किसका तालाब है?"

"सबका है. इसीलिए मना है."

तो हसला. म्हणाला, कुठे लिहिलंय दाखवा. बस, ते वाक्य तुम्हाला लागलं. परत येताना तुम्ही तेच घोळवत होतात. कुठे लिहिलंय म्हणतो, लिहून दाखवतो त्याला. तुमचा धंदाच तो. वर्कशॉपात आगगाडीच्या डब्यांवर अक्षरं रंगवायची. बांधावरच्या म्हाताऱ्याने गावात शब्द टाकला, गावाने पत्रा आणि दोन खांब दिले, रंग तुम्ही आणायचे ठरलं, आणि मजकूर मी लिहायचा. मजकूर म्हटल्यावर मी किती खूश झालो होतो, आठवतंय? तीन दिवस खपून लिहून आणला. "सदर जलाशय संरक्षित असून येथे पक्ष्यांची शिकार तसेच मत्स्यमारी करण्यास सक्त मनाई आहे."

तुम्ही वाचलंत. "सदर म्हणजे?"

"सदर म्हणजे हा. हे."

"मग हे लिहू. जलाशय म्हणजे तळंच ना?"

"तळंच."

"मग तळंच लिहू."

संरक्षित या शब्दावर मात्र मी हटून बसलो. तुम्ही म्हणालात, राखीव लिहितो. मी म्हटलं, अहो, राखीव म्हणजे कुणासाठी तरी राखलेलं, हे कुणासाठी राखलंय? "पाखरांसाठी," तुम्ही म्हणालात. दोन रविवार आपला हा वाद चालला. मी व्याकरण काढलं, कोश काढला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डब्यांवर आयुष्यभर तोच शब्द लिहिला, लेलेसाहेब. महिलांसाठी राखीव, अपंगांसाठी राखीव. हात बसलाय. डोळे मिटून लिहीन."

आणि मग, वाघमारे, त्याच बांधावर, पाण्याकडे बघत तुम्ही मला जे सांगितलंत ते मी तुमच्या हयातीत सुधाशिवाय, म्हणजे माझ्या बायकोशिवाय, कुणाजवळ बोललो नाही. ते वर्ष आरक्षणावरून पेटलेलं होतं. पेपर उघडावा तर तेच, चहाच्या टपरीवर तेच. त्यातच तुम्हाला बढती मिळाली होती. "शेडमध्ये मला आता राखीव म्हणून हाक मारतात," तुम्ही म्हणालात. "ए राखीव, चहा घेणार का. राखीव, तुझा डबा आला. वीस वर्षं ब्रश घासला. माझ्याइतकं सरळ अक्षर पूर्ण शेडमध्ये कुणाचं नाही. ते कुणाला दिसलं नाही बघा."

मी विचारलं, मग तोच शब्द कशाला लिहिताय?

"शब्दाचा काय दोष? राखणदाराचा शब्द आहे तो, माझ्या बापाचा. त्यांनी घाण केला, मी धुऊन घेतो."

खूप बरं वाटलं मला, की तुम्ही एवढं मनातलं मला सांगितलंत. कुणी आपल्याला जवळचं मानलं की छाती फुगते ना, तशी फुगली. संरक्षितचा हट्ट मी सोडून दिला. हे सगळं मला ठाऊक होतं, वाघमारे. पुढे जे केलं ते अजाणता नाही केलं. तेवढी सबबही मला नाही.

दसरा होऊन गेल्यावरचा रविवार होता. गावातले आठ-दहा जण आले होते, आपल्या बिल्डिंगमधले पाच-सहा आले होते. वहिनी सगळ्यांसाठी धपाटे करून घेऊन आल्या होत्या. तुम्ही स्टुलावर चढलात. पेन्सिलची रेघ नाही, दोरी नाही, फुटपट्टी नाही. पांढऱ्या पत्र्यावर निळा ब्रश टेकवलात आणि अक्षरं नुसती उमटत गेली. हे तळे राखीव आहे. पाखरे मारू नका. मासे धरू नका. सगळे बघतच राहिले. बांधावरचा म्हातारा विडी विझवून उभा होता. तुम्ही स्टुलावरून उतरलात, दोन पावलं मागे झालात आणि स्वतःच्या अक्षराकडे मान कलती करून बघितलंत. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

आणि मी बोललो. "वाघमारे जातील तिथे राखीव! नोकरी राखीव, बढती राखीव, आता तळंही राखीव!"

बिल्डिंगमधले हसले. मोठमोठ्याने हसले. त्यांचं बघून गावातलेही थोडे हसले. मला तर क्षणभर वाटलं, काय जमून आली! तुम्ही हसला नाहीत. रागावलाही नाहीत. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवलात आणि ढवळत राहिलात. रंग केव्हाच निघून गेला होता तरी ढवळत होतात. वहिनींनी धपाट्यांच्या डब्याचं झाकण काढलं होतं ते त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग त्यांनी ते परत लावलं. कुणालाच धपाटे मिळाले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

घरी येऊन मी सुधाला ही गंमत म्हणून सांगितली. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "तुमच्या जिभेला काही हाड?" ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता वर जा आणि माफी मागा."

"अगं, थट्टा केली. ते मनाला लावून घेणाऱ्यांतले नाहीत."

"ते तुम्ही ठरवणार?"

मी गेलो नाही. दोन जिने चढायचे होते फक्त. सोमवारी जाईन म्हटलं. सोमवारी वाटलं, आता मुद्दाम गेलो तर उगाच त्याचा बाऊ होईल. मंगळवारपर्यंत मी स्वतःची अशी समजूत घातली होती की न जाण्यातच शहाणपणा आहे. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला काही कमी पडत नाही.

तीन रविवार तुम्ही आला नाहीत. मी एकटाच गेलो. फलकाकडे न बघता बांधावर जाऊन बसायचो. मला काही दिसायचं नाही. टिबुकली बुडायची आणि मला कळायचंच नाही ती कुठून निघाली. चौथ्या रविवारी साडेसहाला खालून तुमची हाक आली, "लेलेसाहेब, येताय का? शेकाटे आलेत!" मी एका पायात चप्पल घालून धावलो. आणि संबंध वाटभर, वाघमारे, मी शेकाट्यांबद्दल बोललो! त्यांचे पाय कसे लाल, ते कुठून येतात, काय खातात. तुम्ही हं हं करत होतात. परत आल्यावर नेहमीसारखे तुम्ही मला वर घेऊन गेलात. वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. बघितलं नाही माझ्याकडे, पण कप ठेवला. मी मनात म्हटलं, चला, मिटलं.

पुढे आठ वर्षं तो चहा मी दर रविवारी प्यायलो.

नाही म्हणायला एकदा प्रयत्न केला होता. दोनेक वर्षांनी असेल. पाऊस नुकताच संपला होता, तळं काठोकाठ होतं. आपण दोघंच. मी म्हटलं, "वाघमारे, त्या दिवशी, फलक लावला त्या दिवशी मी..." तुम्ही बोट वर केलंत. "श्श!" पाणकणसातून जांभळी पाणकोंबडी बाहेर येत होती, मागे तिची काळी पिल्लं. आपण पाच-दहा मिनिटं श्वास रोखून बघत राहिलो. पिल्लं आत गेली. तुम्ही म्हणालात, "काय म्हणत होता?" मी म्हटलं, "काही नाही." आणि मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी लाज वाटते आता त्या सुटकेची! ती कोंबडी काय, नेहमीच दिसायची. तुम्ही मला मुद्दाम गप्प केलंत का, हे विचारायचं होतं. तेही राहिलं.

तुमच्याशी भांडणं तशी पुष्कळ राहिलीत. तळं निम्म्यावर आलं होतं शेवटी. पलीकडच्या अंगाने डंपर येऊन भराव टाकायचे, दर महिन्याला काठ आत सरकायचा. तुम्ही दर वर्षी दसऱ्यानंतर जाऊन फलकावरची अक्षरं गिरवून यायचात. मी चिडायचो. "अहो, डंपरवाल्याला वाचता येत नाही. कुणासाठी रंगवताय?" "त्याला नसेल येत," तुम्ही म्हणायचात. "मला येतं." मी म्हणायचो हा वेडेपणा आहे, अर्ज करा, लोक जमवा. तुम्ही म्हणायचात, अर्ज तुम्ही लिहा, भाषा तुमची चांगली. मी दोन अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही. तिसरा लिहायचा कंटाळा केला. शेवटच्या रविवारी हळदी-कुंकू बदकांची एकच जोडी होती पाण्यावर, आणि तुम्ही त्यांच्याकडे इतके एकटक बघत होतात की मी पहिल्यांदाच आपणहून गप्प राहिलो. तुमची तब्येत तेव्हा बरी नव्हती का? मधेच छाती चोळलीत तुम्ही. मला वाटलं, गार वारा लागला. मी का विचारलं नाही?

विधी झाल्यावर लोक जेवून पांगले. मी निघालो तर वहिनींनी थांबवलं. डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाल्या, "तुम्हाला बोलता आलं नाही, असू द्या. तुमचा लई जीव होता त्यांच्यावर. त्या फळ्याच्या दिवशी तुम्ही बोललात ते मला लई लागलं होतं. पण तुम्ही आपणहून त्यांची माफी मागितलीत. कोण मागतं? ते म्हणले होते मला."

मान हलवली, वाघमारे. होकारार्थी. तुमच्या विधीच्या दिवशी, तुमच्या घरात, मी ती माफी मागितल्याचं कबूल करून खाली आलो.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मला कळेना की तुम्ही हे केलंत तरी कशासाठी. सुधा म्हणाली, "राहू दे आता. वहिनींना तेवढंच समाधान आहे, ते कशाला मोडता?" तिचंही खरं होतं. पण दर खेपेला वहिनी जिन्यात भेटणार, चांगलं बोलणार, आणि ते चांगलं बोलणं मी चोरून घेत राहणार. आठ वर्षं चहा घेतला तेवढा पुरे नव्हता का?

काल गेलो. दोनच जिने. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, की वहिनी, मी माफी मागितली नव्हती. कधीच नाही. मला सांभाळून घ्यायला वाघमारे तसं म्हणाले असतील.

त्यांचा हात ताटातच थांबला. "कधीच नाही?"

"नाही."

ताटाकडे बघतच त्या बोलल्या. "मी त्यांना म्हणलं होतं, त्या माणसाबरोबर परत गेलात तर घरात येऊ नका. तीन आठवडे धरून बसले होते मी. ते नुसते खिडकीत बसायचे रविवारचे. मग चौथ्या शनिवारी घरी आले आणि म्हणले, लेलेसाहेब गेटवर भेटले, माफी मागितली, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग मी म्हणलं, जा."

डोळ्यांत पाणीसुद्धा घातलं होतंत, वाघमारे, तुम्ही माझ्या! मी जन्मात मागितली नसती इतकी चांगली माफी तुम्ही माझ्या नावाने मागून टाकलीत, स्वतःचीच, स्वतःकडे, आणि ती बायकोला नेऊन दिलीत. कशासाठी? रविवारी तळ्यावर जायला सोबत हवी म्हणून? माझी? अहो, काय होतं माझ्यात!

वहिनी म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांत माझ्याशी खोटं बोलले नव्हते."

मला वाटलं, सुधा बरोबर होती. येऊन मी या बाईकडे उरलेलं समाधानही मोडलं. मी कसंबसं म्हटलं, "वाघमारे असते तर पाय धरले असते. आता मी माफी मागू तरी कुणाकडे?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "त्यांच्याकडं मागायची राहिली म्हणताय," त्या म्हणाल्या. "मी पण तिथंच उभी होते की, धपाट्याचा डबा घेऊन. मला कामून कुणी विचारत नाही?"

आठ वर्षं मी जीव खाल्ला स्वतःचा. तुमच्या मनाला काय वाटलं असेल याचा विचार केला, सुधाशी बोललो, रात्री कूस बदलली. वहिनींना काय वाटलं असेल, हे माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही. तुमची बढती राखीव म्हटली तेव्हा त्यांचं घर, त्यांच्या घरात शिजणारं अन्न, सगळंच मी दहा माणसांत हसण्यावारी नेलं होतं. आणि त्याच बाईच्या हातचा चहा पीत मी वाट बघत होतो, की तुमच्याशी कधी एकट्याने बोलायला मिळतं.

मी उठून उभा राहिलो. "वहिनी, मी चुकलो. तुमचा अपमान केला मी. मला माफ करा."

एवढीच तीन वाक्यं. तुम्ही सांगितली होतीत तशी काही जमली नाही ती, डोळ्यांत पाणी आलं नाही, नुसती लाज आली.

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही, खाली आलो.

तुमची माफी मागतो ती इथे, या कागदावर. वाघमारे, मी चुकलो. वहिनींनी निदान "बरं" तरी म्हटलं. तुमच्याकडून मला आता तेवढंही ऐकू येणार नाही.